वामन भरतीत गेला

रंभामावशीचा हात आधी चालायचा आणि तोंड नंतर. तोंड नंतर चालायचं म्हणून ते कमी चालायचं असं मात्र कुणी समजू नये. धंतोलीत दवाखान्यांच्या रांगेत एका कडुनिंबाखाली तिचं फळांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक बाज, चार टोपल्या आणि नारळ सोलायचा कोयता. पेशंटला भेटायला आलेली माणसं तिच्याकडून संत्री-मोसंबी नेत. एकदा एका टेरीलिनवाल्याने बारा मोसंब्या दाबून पाहिल्या आणि एकही न घेता निघाला. तेरावी त्याच्या पाठीत बसली. तो वळला तेव्हा मावशी म्हणाली, "हे बी पाहून घे गा, पिकली हाये का."

ती माझी सख्खी मावशी. मी समोरच्याच एका दवाखान्यात काउंटरवर बसायचे. तिच्यामुळे माझ्याशी हुज्जत घालायची कुणाची छाती होत नसे, हे मी प्रामाणिकपणे सांगते. नत्थूजी, म्हणजे तिचा नवरा, गरीब गाय माणूस होता. तो लवकर गेला तेव्हा लोक म्हणाले, सुटला. अर्थात मावशीच्या मागे म्हणाले.

पुढचं कळायला आमच्या नागपूरचे दोन शब्द आधी कळले पाहिजेत. आमच्याकडे भरती म्हणजे दवाखान्यातली भरती. पेशंट भरती होतो, भरती राहतो. बरा होऊन घरी निघाला की त्याची सुट्टी होते. माझ्या काउंटरवर दिवसभर हेच दोन शब्द चालायचे, आणि मावशीचा धंदाही त्याच दोन शब्दांवर चालायचा. भरतीच्या दिवशी माणसं एक मोसंबी घेतात, सुट्टीच्या दिवशी टोपली. जो मरायचा त्याच्यासाठी आमच्याकडे शब्द नव्हता. आम्ही नुसती मान हलवायचो.

मावशीचा एकुलता एक मुलगा वामन. आईचा आवाज त्याला मिळाला होता, राग मिळाला नव्हता. मिस्त्रीकाम शिकला आणि एका ठेकेदाराच्या हाताखाली पार कोकणात, अलिबागेच्या पुढे एका लहानशा बंदरावर धक्का बांधायच्या कामावर लागला. जाण्याआधी त्याचं लग्न झालं. बायको देवकी, काटोलकडची. बोलायला हळू, पण एकदा मान खाली घालून एखादी गोष्ट धरली की सोडत नसे. पाऊस संपला की तिला तिकडे न्यायचं ठरलं होतं. पावसाळ्यात काम बंद, पण सामान राखायला वामन तिथेच थांबला.

हे एकोणसत्तर सालचं. श्रावणात औषधाच्या दुकानातल्या फोनवर मावशीसाठी ट्रंक कॉल आला. तिने तो स्वतः घेतला. पलीकडून माणूस ओरडत होता, मावशी त्याच्याहून मोठ्याने ओरडत होती. तार खरखरत होती. तो म्हणाला, "वामन भरतीत गेला. ताबडतोब निघा."

"कोन्या दवाखान्यात?" मावशी ओरडली. तार तुटली.

शब्दाच्या शेवटी एक 'त' होता. मावशीने तो ऐकला होता, हे तिने पुढे मला कित्येकदा सांगितलं. पण तिकडची माणसं तशीच बोलत असतील म्हणून तिने तो सोडून दिला. एका अक्षराला कोण धरून बसतं?

आम्ही तिघी निघालो. दवाखान्याच्या माणसांशी बोलता येतं म्हणून मी, बायको म्हणून देवकी, आणि मावशी. मावशीने गोधडी घेतली, थर्मास घेतला, मोसंब्यांची एक भरगच्च टोपली घेतली. गाडीत जो समोर बसेल त्याला ती सांगे, "पोट्टा भरती हाये. मलेरिया असन. तिकडं डास लय." देवकीने वाटेत एकदा डोळ्याला पदर लावला तर मावशीने तिच्या तोंडात मारली. "जित्या मानसाले रडतं का वं? सुट्टी करून आनू त्याले." डब्यातली माणसं खिडकीबाहेर बघू लागली. देवकीने पदर खाली घेतला आणि त्यानंतर ती रडली नाही.

बंदरावर एसटीतून उतरलो तेव्हा पाऊस आडवा मारत होता. मावशीने पहिल्याच माणसाला विचारलं, "दवाखाना कुठीसा हाये बावा?" तो म्हणाला, इथे दवाखाना नाही. मावशीला वाटलं, हा खोटं बोलतोय. शेवटी वामन ज्याच्या घरी खोली घेऊन राहत होता तो काशिनाथ तांडेल धावत आला. होडीवाला माणूस, मावशीपेक्षा थोडा लहान. फोन त्यानेच केला होता. मावशी म्हणाली, "माहा पोट्टा कुठी भरती केला तुम्ही?"

काशिनाथ आमच्याकडे बघत राहिला. त्याला काही समजेना. मग त्याला समजलं, आणि त्याचा चेहरा पडला. त्याने समुद्राकडे हात केला. "बाय, भरतीत गेला. उधाणाच्या भरतीत. उधाण बघायला धक्क्याच्या टोकावर उभा होता. मी हाका मारल्या. लाटेनं उचलला."

आम्ही नदीकाठची माणसं. आमचा पूर चढतो, उतरतो. तो पायाशी येतो, माणूस एक पाऊल मागे घेतो. तो आणखी चढतो, माणूस आणखी एक घेतो. वामनला वाटलं असणार, पाणी पायाशी आलं की मागे सरू. समुद्र पायाशी येतच नाही, तो डोक्यावर येतो, हे त्याला कोण सांगणार? आणि सांगणाऱ्याच्या हाका वाऱ्यात गेल्या.

मावशीने काशिनाथला मारलं. बायकी मारणं नव्हे, मुठीने. त्याचा पुढचा एक दात पडला, ओठ फाटला. त्याने हात वर केला नाही. गावातली माणसं मध्ये पडायला आली तेव्हा तोच म्हणाला, "राहू द्या." मग मावशी टोपली घेऊन पाण्याकडे पळाली. भरती अजून जोरात होती. तिने मोसंब्या एकेक करून समुद्राला मारल्या, दगडासारख्या, आणि सोबत अशा शिव्या की ज्या मी धंतोलीतही ऐकल्या नव्हत्या. टोपली रिकामी झाली. मग एक लाट आली, आणि तिने त्यातल्या कितीतरी मोसंब्या मावशीच्या पायाशी आणून टाकल्या.

काशिनाथची म्हातारी आई मागे उभी होती. तिने सांत्वन म्हणून म्हटलं, "दर्या कुणाचं ठेवत नाय गो. मोठ्या उधाणाला आणून टाकतो सगळं." म्हातारीचा हेतू चांगलाच होता. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या एका वाक्याने देवकीच्या आयुष्याची पुढली वर्षं खाल्ली.

वामनचं प्रेत मिळालं नाही. नागपूरला परतल्यावर मावशीने सगळ्यांना एकच सांगितलं, "भरती हाये. सुट्टी व्हाची हाये." तिला वेड लागलं होतं का? नाही. ती मोसंब्यांचा भाव घासाघीस करून ठरवत होती, उधारी विसरत नव्हती, रस्त्यावरच्या गाईंना नावानिशी शिव्या देत होती. फक्त या एका गोष्टीत ती हटली नाही. देवकीच्या कपाळाचं कुंकू राहिलं, हातातल्या हिरव्या बांगड्या राहिल्या. एखादी फुटली की मावशी त्याच दिवशी बांगडीवाल्याला बोलावून दुसरी भरायची. आणि रडायचं नाही. एकदा कुणा बाईने दुकानावर येऊन देवकीला जवळ घेतलं आणि "पोरी, कसं झालं गं" म्हणून गळा काढला, तर मावशीने तिला रस्ता ओलांडेपर्यंत हाणलं.

देवकीचे वडील तिला न्यायला आले. साधा माणूस, हात जोडून म्हणाला, "बाई, आमची पोरगी आमाले द्या. आपल्यात पाट लागते, दुसरं लगन होते. तिचं वय काय?" मावशीने कोयता उचलला. खरंच उचलला, दाखवायला नव्हे. "तिचा नवरा जिता हाये. जित्या नवऱ्याच्या बायकोचा पाट लावता, लाज नाई वाटत?" कोयता दाराच्या चौकटीत बसला, तो काढायला दोन माणसं लागली. तो माणूस गेला, परत आला नाही. देवकी आत भांडी घासत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मला मावशीचा इतका राग यायचा की तिच्या हातचा चहा मी कित्येक महिने घेतला नाही. आणि तरीही दर श्रावणात तिच्यासोबत कोकणात जायचे मीच. तिला एकटीला पाठवायची भीती वाटायची.

श्रावणाच्या पुनवेला, नाहीतर पुढच्या अवसेला, जे उधाण मोठं असेल त्याला आम्ही जायचो. उतरायचो काशिनाथच्याच घरी. त्याच्या दाताची फट दिसायची आणि तो आम्हाला मासळी वाढायचा. दुपारची भरती चढायला लागली की गाव देवळाच्या ओट्यावर जमायचं. समुद्र आपल्या जागेवर राहायचा नाही. एरवी लांब दिसणारं पाणी नारळींच्या बुंध्यांना धडका द्यायचं, होड्या उलथायचं, किनाऱ्याचे दगड उचलून किनाऱ्यावरच फेकायचं. पायाखालचा ओटा हादरायचा. बाकीची माणसं बघायची, देवाचं नाव घ्यायची. मावशी मात्र लाटांच्या तोंडात काय आहे ते बघायची. लाकूड, जाळ्याचा तुकडा, मेलेलं वासरू, कुणाची चप्पल. ती चप्पल उचलून उलटीसुलटी करून पाहायची आणि फेकून द्यायची. पाणी उतरलं की म्हणायची, "यंदा नाई देल्ली सुट्टी हरामखोरानं. पुढच्या साली पाहू."

अशी काही वर्षं गेली. मग देवराव आला. देवराव म्हणजे काटोलहून मोसंबीचा ट्रक घेऊन येणारा, बायको बाळंतपणात गेलेली. दुकानावर टोपल्या उतरवता उतरवता त्याने देवकीला पाहिलं होतं, आणि देवकीनेही मान वर करून त्याला पाहिलं होतं. हे मला दिसलं, मावशीला दिसलं नाही. देवराव माझ्या काउंटरवर आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "ताई, मले पाट लावाचा हाये. पोरीचं मन हाये. पन मावशी म्हनते का पोट्टा भरती हाये. जित्या मानसाच्या बायकोले मी कसा नेऊ? उद्या जातीतले तोंडात शेन घालतीन. मावशीच्या तोंडून एक शब्द येऊ द्या. दिवाळीपरेंत थांबतो, मंग घरचे दुसरीकडं पाहतीन."

मी देवकीला विचारलं. ती म्हणाली, "मी पळून नाई जानार शोभाताई. त्याहीनं म्हनलं पाह्यजे." त्याही म्हणजे सासू. एवढं बोलून ती पुन्हा टोपलीतल्या सडक्या मोसंब्या निवडायला लागली.

मग मी मावशीला सांगितलं. तिने माझ्याकडे नारळ फेकला. कानाजवळून गेला, मागच्या भिंतीवर फुटला. मग म्हणाली, "औंदा तिले बी घेऊन चाल. तिच्या डोयासमोर सुट्टी होईन त्याची. मंग पाहू कोनाचा पाट लागते तं."

त्या वर्षीचं उधाण मी विसरणार नाही. काशिनाथ सकाळपासून अस्वस्थ होता. त्याने आपली होडी पार वर, नारळींना बांधून ठेवली होती. आम्हाला म्हणाला, "ओट्याच्या खाली कुणी उतरू नका. आज दर्या माणूस ओळखणार नाय." दुपारी भरती चढली. वामनचा तो धक्का अर्धवटच राहिला होता. पहिल्या दोन लाटांनी त्याच्या टोकाचे दगड उचलले. तिसरी लाट नारळींपर्यंत आली. तिने काशिनाथच्या होडीचा दोर तोडला, होडी उचलली आणि ओट्याच्या दगडी भिंतीवर आपटली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा फळ्या सुट्या झाल्या. काशिनाथ बघत होता. मला मावशीचा, समुद्राचा, काशिनाथच्या आता वारलेल्या आईच्या त्या वाक्याचा, सगळ्यांचा संताप येत होता.

आणि मावशीला ते दिसलं. फेसात काहीतरी लांबट, काळपट, माणसाएवढं. वर आलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं. तिने किंकाळी फोडली नाही. शांतपणे म्हणाली, "आला." आणि पायऱ्या उतरायला लागली.

मी जागची हललेच नाही. देवकी हलली. तिने खालच्या पायरीवर सासूला मागून दोन्ही हातांनी कवळा घातला. मावशीने तिला कोपराने मारलं, मग थोबाडीत, मग मनगट धरून पिरगाळलं. बांगड्या कडाकड फुटल्या, दोन्ही हातांच्या. रक्त आलं. देवकीने कवळा सोडला नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती सासूवर ओरडली, "ते नाई हाये ते! नाई हाये!"

तेवढ्यात लाट आली. मला नुसती पांढरी भिंत दिसली, आणि मग पायऱ्यांवर कुणीच नव्हतं.

पाणी मागे हटलं तेव्हा दिसलं. खाली होड्या बांधायचा एक दगडी खांब आहे. मावशीचा एक हात खांबाला होता, आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत देवकीचे केस होते. मागे जाणारं पाणी देवकीला ओढत होतं. तिचे पाय समुद्राकडे, डोकं मावशीकडे. आणि ते लांबट, काळपट काहीतरी मावशीच्या अगदी जवळ, हात पुढे केला असता तर लागलं असतं, इतक्या जवळून परत निघालं होतं. मावशीने त्याच्याकडे पाहिलं. मी ते पाहणं पाहिलं आहे. हात दोनच होते. एकाने खांब सोडला तर तिघंही जाणार, दुसऱ्याने देवकी सोडली तर ते हाती येणार.

तिने केसांना आणखी एक वेढा दिला आणि ओढलं.

काशिनाथ कमरेला दोर बांधून उतरला. वरून माणसांनी दोर धरला. पुढची लाट येईपर्यंत त्याने दोघींना पायऱ्यांवर आणलं होतं. देवकीच्या डोक्यातून रक्त वाहत होतं. मावशीचा खांबाचा हात खांद्यातून निखळला होता, पण दुसऱ्या हाताची मूठ ती उघडेना. काशिनाथने एकेक बोट सोडवलं. त्या पुढच्या लाटेने ते लांबट काहीतरी ओट्याखाली आणून टाकलं. फाटकी ताडपत्री होती, दोरात गुंडाळलेली. धक्क्याच्या सामानावर झाकायची असते, तसली.

मावशी ओट्यावर भिंतीला टेकून बसली. कुणीतरी गरम चहा आणला, तिने घेतला नाही. भरती उतरायला लागली होती. तिने काशिनाथकडे पाहिलं, त्याच्या तोंडाकडे, त्या दाताच्या फटीकडे.

"मी ताकदीची बाई हावो," ती म्हणाली. "नत्थूजीले एका हातानं उचलत होती. मले बी या पान्यानं सोडलं नसतं आज."



"फोनवर तू काय म्हनलं होतं बावा? पुन्हा एकदा म्हन."

काशिनाथने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो म्हणाला, "वामन भरतीत गेला."

"भरतीत," मावशी म्हणाली. "बराबर म्हनलं होतं तू. म्याच दवाखाना लावला." मग तिने निखळलेल्या हाताकडे पाहिलं. "दात पाडला म्या तुहा," असं म्हणाली, आणि तिच्या आयुष्यात माफी मागणं म्हणतात ते एवढंच.

देवकी तिच्या शेजारी बसली होती. डोक्याला कुणाचं तरी पागोटं फाडून बांधलं होतं. दोन्ही मनगटं रिकामी होती, नुसते ओरखडे. मावशीने चांगल्या हाताने तिचं एक मनगट उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं. मी वाट बघत होते की आता ती बांगडीवाल्याला बोलवा म्हणेल. या गावात बांगडीवाला कुठे असतो ते विचारेल.

तिने पदराच्या ओल्या टोकाने देवकीचं कुंकू पुसलं. पाण्याने अर्धं गेलेलंच होतं, उरलेलं तिने पुसलं. आम्हा बायकांपैकी कुणीही ते काम केलं नसतं. ते तिनेच करायचं होतं.

"जाय वं," ती म्हणाली. "देवरावले सांग, म्या म्हनलं. तुही सुट्टी झाली."

मला वाटलं, देवकी तिच्या पाया पडेल. किंवा काहीच बोलणार नाही, नेहमीसारखी. देवकीने आधी मावशीकडे पाहिलं, हे खरंच आहे ना असं. मग ओट्यावर दोन्ही हात आपटून तिने वामनच्या नावाने हंबरडा फोडला. गावातली माणसं वळून बघायला लागली. ती रडत होती आणि मावशी तिच्याशेजारी बसून होती, आणि मावशीचा हात उठला नाही.